कथेतला ‘मी’ आणि बसवनगुडी

बंगळूर शहराच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही वसाहत प्लेगने वाढविली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. १८९८ मध्ये शहरात साथ पसरली, जुन्या पेठांतील दाटी जीवघेणी ठरू लागली आणि मोकळी हवा व रुंद रस्ते असलेल्या वस्त्यांची निकड भासली. उत्तरेस मल्लेश्वरम आणि दक्षिणेस बसवनगुडी या दोन वसाहती त्या निकडीतून आकाराला आल्या. एकाच खडकात कोरलेला प्रचंड नंदी, ज्याच्यावरून वस्तीला नाव मिळाले. कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी त्याच्यासमोर भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. गांधी बाजारातील फुलांचे ढीग. १९४३ साली सुरू झालेले व डोशासाठी नावाजलेले विद्यार्थी भवन. एवढ्या खुणा पुरे आहेत. मराठी वाचकासाठी मात्र आणखी एक खूण सांगावयास हवी. बुल टेंपल रस्त्यावर डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली स्थापन केलेली सार्वजनिक कार्याची संस्था गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव धारण करून उभी आहे.

शेंगांच्या जत्रेमागे एक आख्यायिका आहे. एक बैल रात्री येऊन शेतातील शेंगांचे पीक फस्त करीत असे. शेतकऱ्यांनी त्याला हाणले, आणि त्याचा दगड झाला. तेव्हापासून नव्या पिकाच्या शेंगा त्याला वाहण्याचा नवस चालत आला. ही कथा नेहमी शेतकऱ्याच्या बाजूने सांगितली जाते. बैलाच्या तोंडून ती कोणी ऐकलेली नाही. प्रथमपुरुषी निवेदनाचा सारा प्रश्न खरे तर एवढाच आहे: गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकावयाची, आणि ते तोंड खरोखर त्याचे आहे की लेखकाने त्याला उसने दिलेले आहे?

नवशिक्या कथालेखकाला ‘मी’ फार सोपा वाटतो. व्यक्तिरेखा उभी करावी लागत नाही, तिच्या मनात शिरण्यासाठी वाट शोधावी लागत नाही, स्वतःच्या भाषेत लिहीत गेले की झाले, असा त्याचा समज असतो. दिवाळी अंकांच्या संपादकांकडे येणाऱ्या हस्तलिखितांत या समजाचे पुरावे गठ्ठ्यांनी सापडावेत. त्यांतील ‘मी’ शेतमजूर असो, परिचारिका असो की सेवानिवृत्त कारकून, बोलतो मात्र मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यासारखा. तृतीयपुरुषी निवेदकाला आपल्या नायकाचा चेहरा, चाल, कपडे, खोली हे सारे बाहेरून दाखविता येते. ‘मी’ला ही सोय नाही. तो स्वतःला पाहू शकत नाही. त्याला वाचकापर्यंत पोहोचविणारी एकच गोष्ट त्याच्याजवळ असते, ती म्हणजे त्याचे बोलणे. ते बोलणे सैल पडले की माणूसच नाहीसा होतो.

बसवनगुडीला लागून असलेल्या गविपुरम भागात मास्ती वेंकटेश अय्यंगार यांचे घर आहे. १८९१ साली जन्मलेले मास्ती म्हैसूर संस्थानच्या मुलकी सेवेत मोठ्या पदांवर होते. १९४३ साली त्यांनी राजीनामा दिला आणि पुढील आयुष्य लेखनास वाहिले. ‘चिक्कवीर राजेंद्र’ या कादंबरीसाठी त्यांना १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. परंतु कन्नड वाचक त्यांना ओळखतो तो कथेचा पूर्वसूरी म्हणून. त्यांची ‘रंगप्पाचे लग्न’ ही कथा प्रथमपुरुषी निवेदनाच्या कोणत्याही अभ्यासकाने जवळ ठेवावी अशी आहे. होसहळ्ळी नावाच्या लहानशा खेड्यातील श्यामा नावाचा गृहस्थ ती सांगतो. सांगतो म्हणजे काय, वाचकाला ओसरीवर बसवून घेतो. आपले गाव नकाशात नाही याचा दोष तो नकाशा करणाऱ्यांना देतो. संस्थानात आपले गाव म्हणजे करंजीतील सारण, असे छातीठोकपणे सांगतो. गावच्या आंब्यांच्या आंबटपणाचीही बढाई मारतो. स्वतःच्या रूपाविषयी बोलताना तो आपल्याला काळ्या पेंडीचा तुकडा म्हणवून घेतो. येथे मास्तींची युक्ती पाहण्याजोगी आहे. ‘मी’ला स्वतःचे वर्णन करता येत नाही ही अडचण त्यांनी विनोदाने सोडविली, पण त्या विनोदातून श्यामाचा रंग जेवढा कळतो, त्याहून अधिक त्याचा स्वभाव कळतो.

गावच्या कुलकर्ण्याचा मुलगा रंगा बंगळुराहून शिकून परत येतो. मुलगी वयात आलेली असेल, स्वतःला पसंत असेल, तेव्हाच लग्न करीन असे तो म्हणतो. श्यामाला हे काही पटत नाही. तो रामरायांच्या भाचीला, अकरा वर्षांच्या रत्नाला, गाणे म्हणावयास लावतो, नेमक्या वेळी रंगाला बोलावून घेतो, आणि रंगाचे मन गुंतले असे दिसताच तिचे लग्न झाले असल्याचे खोटेच सांगतो. मग ज्योतिषी शास्त्रीबुवांना आधी पढवून ठेवून तो रंगाला त्यांच्याकडे नेतो. श्यामा असा लबाड आहे. मित्राशी तो खोटे बोलतो, परंतु वाचकाशी बोलत नाही. शास्त्रीबुवांशी झालेले संगनमत तो वाचकाजवळ उघड करतो. त्यामुळे वाचक नकळत त्या कटात सामील होतो आणि मुलीचे वय अकरा आहे, तिला कोणी काही विचारलेले नाही, हे त्याच्या लक्षात राहू नये अशी व्यवस्था त्या गोड बोलण्यातच असते. आजच्या वाचकाच्या ते लक्षात येते. मास्तींच्या मनात टीका होती की नव्हती, हा वाद येथे गौण आहे. गप्पिष्ट माणसाचा आवाज इतका अस्सल उतरला की त्या आवाजाला न दिसणाऱ्या गोष्टीही त्यातून दिसू लागतात, ही खरी किमया.

मास्तींची मातृभाषा तमिळ होती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठी घरात वाढले आणि कन्नडचे महाकवी झाले. घरातला ‘मी’ एका भाषेतला आणि कागदावरचा ‘मी’ दुसऱ्या भाषेतला, ही स्थिती कर्नाटकात नवी नाही. बंगळुरातील मराठी कुटुंबांनाही ती चांगली ठाऊक आहे: देवघरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी. अशा माणसाला कोणत्याही भाषेतील बोलणे आयते मिळत नाही. ते कान देऊन ऐकावे लागते. मास्तींच्या श्यामाचे बोलणे इतके नेमके उतरले, त्याचे एक कारण हे ऐकणे असावे.

याच परिसराशी जोडलेल्या गुंडप्पांचा मार्ग निराळा. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मंकुतिम्मन कग्ग’ या चौपद्यांच्या ग्रंथात त्यांनी ‘मंकुतिम्म’ म्हणजे मंदबुद्धीचा तिम्मा हे नाव प्रत्येक पद्याच्या शेवटी आणले आहे. वेदान्त आणि राज्यशास्त्र कोळून प्यालेला पंडित गावातल्या खुळ्या तिम्म्याच्या नावाआड उभा राहतो. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतच्या अभंगांतील नाममुद्रा कानी असलेल्या मराठी वाचकाला यात ओळखीचे काही आढळेल. फरक इतकाच की संतांची मुद्रा हे त्यांचे स्वतःचे नाव, तर गुंडप्पांची मुद्रा हा मुखवटा. के. एस. निसार अहमद यांनी १९६० साली आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘मनसु गांधी बझारु’ असे नाव दिले. मन म्हणजे गांधी बाजार! कवितेतल्या ‘मी’चा पत्ता इतक्या नेमकेपणे क्वचितच कोणी दिला असेल.

आर. के. नारायण यांच्या मालगुडीचे नाव मल्लेश्वरम आणि बसवनगुडी यांच्या जोडणीतून आले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. बंगळुरात, १९३० च्या विजयादशमीला, त्यांनी नव्या वहीत पहिली ओळ लिहिली आणि मालगुडी नावाचे रेल्वे स्थानक त्यांच्यापुढे उभे राहिले, एवढे मात्र त्यांनीच सांगितलेले आहे. ते असो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. नारायण यांच्या पहिल्या तीन कादंबऱ्या, ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५), ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ (१९३७) आणि ‘द डार्क रूम’ (१९३८), तृतीयपुरुषी आहेत. १९३९ साली त्यांची पत्नी राजम विषमज्वराने गेली. त्यानंतरची कादंबरी ‘द इंग्लिश टीचर’ १९४५ साली आली, आणि तिच्यात त्यांच्या कादंबरीलेखनात प्रथमच ‘मी’ अवतरला. कृष्णन नावाचा महाविद्यालयीन शिक्षक, त्याची पत्नी सुशीला, लहान मुलगी, आणि सुशीलेचा विषमज्वर.

आपले दुःख सांगावयाचे तर ‘मी’ वापरावा, इतकी ही गोष्ट सरळ नाही. दुःखाच्या जागी ‘मी’ फार धोक्याचा असतो. तो रडू लागला की वाचकाला रडण्यास जागा उरत नाही. नारायण यांनी कृष्णनला आजारपणाच्या दिवसांत कामे दिली आहेत. ताप पाहणे, औषध देणे, डॉक्टरांची वाट पाहणे, खोलीतील हालचालींवर नजर ठेवणे. माणूस संकटात असताना जशी बारीकसारीक गोष्टींची नोंद करतो, तशी नोंद तो करीत राहतो. शोक कोठे नावाने आलाच तर क्षणभर. कादंबरीचा उत्तरार्ध, ज्यात मृत पत्नीशी माध्यमाच्या द्वारे संपर्क होतो, पुष्कळांना पटलेला नाही, आणि तो आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पूर्वार्धातील आवाज मात्र कोणी विसरत नाही. त्या आवाजाला किती किंमत मोजावी लागली होती हे वाचकाला ठाऊक नसले तरी चालते. आवाजाला ठाऊक असावे लागते.

मराठीत या प्रश्नाचा सर्वांत धाडसी प्रयोग त्याआधी अर्धशतक झालेला होता. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तिशीही न गाठलेला एक पुरुष यमुना नावाच्या स्त्रीच्या तोंडून तिचे बालपण, लग्न, सासर, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन सांगतो. मराठी भाषेने आपट्यांना येथे एका अवघड परीक्षेस बसविले होते, त्याचा विचार फारसा होत नाही. इंग्रजीतील अथवा कन्नडमधील प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. कन्नडमध्ये ‘नानु होदे’ म्हणणारी व्यक्ती पुरुष असेल किंवा स्त्री. मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत भिंत उभी आहे. म्हणजे यमुनेच्या तोंडी ‘गेले’, ‘बसले’, ‘जाते’, ‘येईन म्हणते’ अशी क्रियापदे घालताना लेखकाला पानोपानी स्वतःचे पुरुषपण सोडावे लागते. कन्नड वा इंग्रजी कादंबरीकार चार पानांपर्यंत निवेदकाचे लिंग झाकून ठेवू शकेल. मराठी लेखकाला ‘मी दार उघडले’, ‘मी पत्र वाचले’ अशा सकर्मक भूतकाळाच्या आडोशाने चार वाक्ये लपता येईल, पाचव्या वाक्यात क्रियापद त्याला उघडे पाडील. यातही एक गंमत आहे. कोल्हापूर-बेळगावकडील कितीतरी स्त्रिया सहजपणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. त्या भागातील स्त्रीला निवेदक करणाऱ्या लेखकाने तिचे बोलणे तसेच लिहिले तर पुण्यातील मुद्रितशोधक ते ‘सुधारून’ टाकील, आणि त्या दुरुस्तीबरोबर ती बाई कथेतून निघून जाईल.

यमुनेचा आवाज केवळ क्रियापदांनी घडलेला नाही, हे उघड आहे. लहान मुलीला दिसते तेवढेच सांगणे, मोठ्यांची भांडणे दाराआडून अर्धवट ऐकणे, मूळ मुद्दा सोडून घरातल्या एखाद्या क्षुल्लक गोष्टीकडे वळणे आणि मग ओशाळून परत येणे, या बोलण्याच्या सवयी आपट्यांनी घरातील बायकांच्या बोलण्यातून उचलल्या असाव्यात. सुधारणेचा हेतू कादंबरीत कोठे कोठे डोके वर काढतो; तेव्हा यमुना थोडा वेळ गप्प होते आणि ‘करमणूक’कार बोलू लागतात. पण असे प्रसंग ओळखू येतात, हेच तिच्या आवाजाच्या अस्सलपणाचे प्रमाण नव्हे काय? पुढे १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली आणि खऱ्याखुऱ्या स्त्रीने स्वतः सांगितलेली, हसत हसत सांगितलेली कहाणी मराठीला मिळाली. ती कादंबरी नाही. तरीही स्त्री-निवेदक घडविणाऱ्या प्रत्येक कादंबरीकाराने तिच्यापाशी शिकावे, असे तिचे मोल आहे.

१९६० सालचा एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्या वर्षी साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला मिळाला आणि इंग्रजीचा नारायण यांच्या ‘द गाइड’ला. दोन्ही कादंबऱ्या ‘मी’च्या आहेत. ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कथा सांगतात. तिघांचे अनुभव भिन्न, तिघांची दुःखे भिन्न. परंतु तिघेही सुभाषितांनी व उपमांनी नटलेल्या त्याच एका खांडेकरी भाषेत बोलतात. पान उघडून वरचे नाव झाकले तर कोण बोलत आहे हे प्रसंगावरून कळते, भाषेवरून कळत नाही. कादंबरीच्या चिंतनाची थोरवी यामुळे कमी होत नाही. आवाजाचा प्रश्न मात्र तेथे सुटलेला नाही. ‘द गाइड’मध्ये राजू आपली कथा वेलान नावाच्या खेडुताला सांगतो, आणि मधूनमधून कादंबरी त्याला सोडून तृतीयपुरुषात जाते. राजू लोकांना भुलविण्यात पटाईत आहे. आपण साधू नसून तुरुंगातून सुटलेला भामटा आहोत, हे वेलानला पटवून देण्यासाठी तो सर्व काही कबूल करतो. वेलान शांतपणे ऐकतो, आणि त्याची श्रद्धा तिळमात्र ढळत नाही. आयुष्यभर खोटे बोलून लोकांचा विश्वास मिळविणाऱ्या माणसाला खरे बोलून तो गमावता येऊ नये! समोर ऐकणारा कोण आहे यावर ‘मी’चे बोलणे ठरते. हा ऐकणारा लेखकाने मनात पक्का केला नाही, तर निवेदक कोणाशीच न बोलता हवेत बोलत राहतो.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. पांडुरंग सांगवीकर हा खेड्यातून पुण्यात शिकावयास गेलेला मुलगा, आणि त्याचे खानदेशी कानाचे, तिरकस, मध्येच बालिश होणारे बोलणे. १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त मुंबईच्या नाक्यावरचा पोक्या बोलू लागला आणि पुष्कळ प्रतिष्ठितांनी कानांवर हात ठेवले. या दोन्ही कादंबऱ्यांविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक सांगण्याचे कारण नाही.

बंगळूर आता मास्तींचे राहिलेले नाही. त्या नव्या शहराचा ‘मी’ विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड लघुकादंबरीत सापडतो. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि २०१५ मधील श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादानंतर देशोदेशी वाचली गेली. निवेदकाला नाव नाही. तो रोज कॉफी हाउसमध्ये जाऊन बसतो, व्हिन्सेंट नावाच्या वेटरकडून दोन शब्द ऐकतो आणि त्यांत मोठा अर्थ शोधतो. मुंग्यांनी भरलेल्या लहानशा घरात काटकसरीने राहणारे त्याचे कुटुंब चुलत्याच्या मसाल्याच्या धंद्यामुळे एकाएकी श्रीमंत झालेले आहे. तो स्वतः काहीच करीत नाही. पत्नी अनिता हे त्याला तोंडावर सांगते, आणि घरातल्यांना ती खुपू लागते. मास्तींचा श्यामा मित्राशी खोटे बोलून वाचकाला सारे सांगतो. शानभागांचा निवेदक कोणाशीही खोटे बोलत नाही, आणि तरीही सांगावयाचे ते सांगत नाही. घरातील माणसे कोठवर जाऊ शकतात, हे त्याला ठाऊक आहे की नाही, याचा पत्ता तो वाचकाला, आणि बहुधा स्वतःलाही, लागू देत नाही. त्याच्या बोलण्यातील सौजन्य, घरच्यांविषयीचे त्याचे समजूतदार स्पष्टीकरण, मुंग्या मारण्याच्या आठवणीतील निर्विकारपणा, यांतूनच भीती हळूहळू साकळत जाते.

ही कादंबरी मराठीत आणणाऱ्यापुढे एक गाठ उभी राहते. कन्नड निवेदक आपल्या कुटुंबाविषयी बोलताना ‘नावु’ म्हणतो. आजच्या कन्नडात त्या एका शब्दात ऐकणारा सामावतो किंवा वगळलाही जातो. ते सांगण्याचे बंधन भाषेवर नाही. मराठीला ते बंधन आहे. ‘आम्ही’ म्हटले तर समोरचा माणूस बाहेर राहिला. ‘आपण’ म्हटले तर तो घरात आला. निवेदक अनितेशी आपल्या घराविषयी बोलतो तेव्हा त्याने काय म्हणावे? ‘आपल्याकडे असे चालत नाही’ की ‘आमच्याकडे असे चालत नाही’? पहिल्यात ती सून आहे, दुसऱ्यात परकी. कन्नड मूळ संहिता हा निर्णय पुढे ढकलीत राहते, आणि त्या ढकलण्यातच त्या नवऱ्याचा सारा भ्याडपणा आहे. मराठी अनुवादकाला तो निर्णय प्रत्येक ठिकाणी निवेदकाच्या वतीने घ्यावा लागेल. कदाचित सुरुवातीच्या पानांत ‘आपण’, आणि मग कोठेतरी, वाचकाच्या सहज लक्षात येणार नाही अशा एखाद्या वाक्यात, पहिला ‘आम्ही’. ‘घाचर घोचर’ हा अर्थहीन शब्दही अनितेच्या माहेरचा, तिने व तिच्या भावाने लहानपणी घडविलेला. गुंतून बसलेल्या, सुटता न सुटणाऱ्या कशालाही तो लावावयाचा. लग्नाच्या रात्री परकराची नाडी अडकते तेव्हा तो शब्द ती नवऱ्याला देते. ती त्याला आपल्या ‘आपण’मध्ये घेते. त्याने तिला घेतले का, याचे उत्तर त्याच्या सर्वनामांत शोधावयाचे आहे.

शेवटच्या प्रसंगी तो कॉफी हाउसमध्येच बसलेला आहे. अनिता माहेराहून परतलेली नाही, तिचा फोन नाही. त्याच्या हातातील काचेचा पेला फुटतो. हाताला रक्त लागले आहे, तो धुऊन घ्यावा, हे त्याला व्हिन्सेंट सांगतो.